नथ आधी घालून बघायची

"पाठ दाव," ती म्हणायची.

नाव-गाव विचारायच्या आधीच समोरच्या बाईच्या गळ्यातला दागिना तिच्या दोन बोटांत आलेला असायचा. तो उलटा करून ती उजेडाकडे धरायची आणि दागिन्याबरोबर बाईची मानही तिकडे ओढली जायची. "तोंड समद्याच धुत्यात," असं म्हणून ती मान सोडून द्यायची. आता तुम्ही म्हणाल, अनोळखी बाईच्या मंगळसूत्राला असा हात घालणं बरं दिसतं का? नाहीच दिसत. पण हे तिला सांगायची हिंमत कुणी केली असती, तर तिनं आधी त्या सांगणारीची कुडी उलटी करून बघितली असती.

मी मूळची जालन्याची. दोन हजार दोनच्या सुमारास नवऱ्याची नोकरी हिंजवडीत आणि माझी पिरंगुटच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, म्हणून आम्ही पौड रस्त्याला खोली शोधत होतो. कासार आंबोलीच्या पुढे एका फाट्यावरून आत गेलं की तिचं गाव. तिथल्या शेतकरी घरांनी भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्या काढून भाड्यानं द्यायला नुकती सुरुवात केली होती. मी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारत होते आणि ही बाई माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या आतून नखानं उकरत होती. साबणाचा पांढरा थर निघाला. तो तिनं मला दाखवला, मग माझ्या नवऱ्याला दाखवला आणि हे त्यानंच केलं असावं अशा नजरेनं त्याच्याकडे बघितलं.

"ह्ये घालून न्हातीस?"

मी हो म्हणाले.

"मग सोनं न्हातं का नुसता साबण साठीवतं?"

भाडं किती ते मला तिच्या सुनेनं सांगितलं. तिनं स्वतः एवढंच सांगितलं, की उद्या सकाळी मंगळसूत्र घेऊन मोरीपाशी ये. मी गेले. गावातली लहानथोर सगळी तिला मामी म्हणायची, मीही म्हणायला लागले. तिचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण त्या नावानं तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, म्हणून इथंही ते लिहीत नाही.

मामीची पद्धत अशी. आधी मोरीच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबायचा. "सोन्याला पळायची लई हौस," ती म्हणायची. मग पितळेची परात, तिच्यात भिजवून कुस्करलेल्या रिठ्यांचं कोमट पाणी आणि वापरून मऊ झालेला जुना ब्रश. घासायचं ते मागून, कडांतून, साखळीच्या कड्याकड्यांतून. पुढची बाजू आपोआप उजळते. मग साध्या पाण्यातून काढून मामांच्या विरलेल्या धोतरावर सावलीत पसरायचं. हे झालं नुसत्या सोन्याचं. मोत्याला रिठ्याचं पाणी दाखवायचंसुद्धा नाही. तो ओलसर मलमलीनं टिपायचा आणि लगेच कोरड्या मलमलीनं पुसायचा. ज्या दागिन्याच्या पोटात लाख भरलेली असते त्याला कोमट पाणीही वर्ज्य, कारण आतली लाख हलते. धुतलेलं पाणी फडक्यातून गाळून तुळशीला घालायचं. आणि ठेवताना प्रत्येक दागिन्याला त्याचं वेगळं फडकं, कारण दोन दागिने एका पुडीत बांधले की ते जावाजावांसारखे एकमेकींना ओरखडतात.

अंगावर घालायचेही तिचे कायदे होते. पावडर, अत्तर, डोक्याचं तेल सगळं आधी उरकायचं आणि दागिना सगळ्यात शेवटी घालायचा. घरी आलं की पायातल्या चपलांच्या पाठोपाठ दागिना उतरलाच पाहिजे. माझा नवरा म्हणायचा, तुमच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून हिला ठेवा.

तिचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र समजू नका. एकदा मी बाजारातून एक ग्रॅम सोन्याचे म्हणून मिळतात तसले झुमके आणले होते. मी कामावर गेले असताना तिनं ते माझ्या खोलीतून उचलले, काळपट दिसले म्हणून चुलीच्या राखेनं घासले आणि संध्याकाळी माझ्या हातात दोन पितळेचे झुमके ठेवले. वरचा मुलामा पार गेला होता. मी रडकुंडीला आले. मामीच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "खोटं व्हतं ते गेलं," ती म्हणाली. "पितळ तरी खरं हाय बघ." माफी मागणं हा प्रकार तिच्या घराण्यात कुणाला ठाऊक नसावा. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे तांदळाच्या भाकरी आणि वालाचं कालवण पाठवून दिलं, एवढंच.

सून भोरकडची, बारावी झालेली, हातानं नीटनेटकी आणि स्वभावानं भिडस्त. सासू परक्या बायकांच्या माना ओढायला लागली की ती पदर तोंडाला लावून आत निघून जायची. तिचे स्वतःचे दागिने लोखंडी कपाटात प्लास्टिकच्या डब्यांत असत. मामी त्या कपाटाला "तुरुंग" म्हणायची.

ह्या सगळ्या घासण्यापुसण्यामागचं खरं कारण मला चैत्रात कळलं. गावदेवीचे दागिने मामीच्या घरात असत. देवीचा चांदीचा मुखवटा देवळात, पण तिची ठुशी, पुतळ्यांची माळ, चांदीचा कमरपट्टा आणि मोत्यांची मोठी नथ ही सगळी एका तांब्याच्या डब्यात ह्या घराच्या हवाली. डब्याचा मान मामांच्या वाडवडलांपासून चालत आलेला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, आषाढात भिंतीवर शेवाळ येतं आणि चपलांवर बुरशी. त्या ओलीत चांदी काळी पडू नये, माळेचा दोरा कुजू नये म्हणून मामी डबा आंबेमोहोर तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायची. पुढं खालचं खाचर बंगलेवाल्यांना विकलं गेलं आणि घरचा तांदूळ संपला, तरी तिनं एक कणगी काढू दिली नाही. विकतचा तांदूळ आणून ती भरायची. देवीच्या दागिन्यांना त्यामुळे कायम तांदळाचा वास यायचा.

यात्रेच्या दिवशी सकाळी माजघराचं दार लावून मामा-मामी आत बसत. दागिने ती साफ करायची आणि ते पुसून मांडायचे. सगळ्यात शेवटी नथ. ती देवीला जायच्या आधी घरच्या बाईनं स्वतःच्या नाकात घालून बघायची, अशी त्या घरची रीत होती. तार वाकली असेल, टोक खुपत असेल, तर ते देवीच्या आधी आपल्याला कळावं म्हणून. मामा समोर आरसा धरायचे. गावातल्या सगळ्या बायकांना ही रीत माहीत होती, पण मामीला ती नथ घातलेली मामांशिवाय कुणीही पाहिलेली नव्हती. मग पालखी दारात येऊन थांबायची, मामा डोक्यावर चुंबळ ठेवून डबा उचलायचे आणि वाजतगाजत देवळाकडे निघायचे.

मुखवट्याच्या नाकाला काय खुपणार, असं मी एकदा शहाणपणानं म्हणाले होते.

"तुला मुखवट्यानं येऊन सांगितलं काय, खुपत न्हाई म्हणून?" मामीनं विचारलं.  

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात मामा गेले. तापाचं निमित्त झालं. बोलणं कमी, चालणं सावकाश, असा तो माणूस. घर सोडून गेला तेव्हाच घरात केवढी जागा त्यानं धरली होती ते कळलं.

दहाव्याला भावकीतल्या बायका मामीचे दागिने उतरवायला आल्या. मामी आधीच मोरीपाशी बसली होती. भोकात बोळा, समोर परात, परातीत तिचं मंगळसूत्र. "माझं म्या उतारलंय," ती म्हणाली. "कुणी हात लावायचा न्हाई." बायका उभ्याच राहिल्या. तिनं मंगळसूत्र मागून घासलं, वाट्या आतून घासल्या, काळा मणी न् मणी पुसला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात थांबत नव्हते. "मानसाला न्हाऊ घालून मग न्येत्यात," ती म्हणाली, "ह्येलाबी न्हाऊ घालते." मग मामांच्या धोतराचा तुकडा फाडून त्यात ते गुंडाळलं आणि सुनेच्या हातात दिलं. आम्ही सगळ्याच रडलो.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, पाटल्याही काढायला हव्यात. मामीनं डोळे पुसले.

"पाटल्या ह्येंनी न्हाई घातलेल्या. म्या भात इकून केल्यात. मी हाय तवर त्या हातात ऱ्हात्याल."

पाटल्या हातातच राहिल्या. गावात त्याची चर्चा झाली, पण खरी परीक्षा पुढंच होती.

मामांचे चुलतभाऊ, त्यांना सगळे तात्या म्हणत. देवस्थान समितीचे अध्यक्ष, जमिनींचे व्यवहार करायचे, दारात जीप. माणूस वाईट नव्हता. माझ्या नवऱ्याची गाडी घसरून पाय मोडला तेव्हा ह्याच तात्यांनी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. ते दिवाळीनंतर एका सकाळी मामीकडे आले आणि ओट्यावर बसले. माझी खोली भिंतीपलीकडेच, त्यामुळे चोरून ऐकायची गरज पडली नाही.

तात्या अदबीनं बोलत होते. डब्याला सवाष्णीचा हात लागतो, अशी पिढ्यान् पिढ्यांची चाल आहे. सुनेचा हात अजून ह्या कामाला बसलेला नाही. तेव्हा डबा आता त्यांच्या घरी यावा, त्यांची बायको सगळं करेल आणि पुढंमागं पौडला बँकेत लॉकर घेता येईल, म्हणजे कुणाच्याच जिवाला घोर नको.

"डबा ह्या घराचा हाय, का माझ्या कुकवाचा?" मामीनं विचारलं.

"वैनी, रीत हाय ती. थोरल्या वैनींनी दिलाच व्हता की गप."

मामीनं आत सुनेला चहा ठेवायला सांगितलं.  तात्या चहा पिऊन उठले. जाताना मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, की विधवेनं डबा उघडला तर समिती पालखी ह्या दारात थांबवणार नाही. पालखी थांबली नाही म्हणजे घराचा मान गेला. पुन्हा तो परत यायचा नाही.

थोरल्या वैनी म्हणजे मामांच्या थोरल्या भावाची बायको, मामीची जाऊ. मामी तिला आक्का म्हणायची. घराच्या मागच्या खणात ती एकटी राहायची. मी इतकी वर्षं तिथं राहून तिचा आवाज मोजका ऐकला होता. तांदूळ निवडायला बसली तरी दाराच्या आत बसायची. त्या दिवशी संध्याकाळी मामी माझ्या उंबऱ्यावर येऊन टेकली. एरवी ती आली की माझ्या खोलीतल्या चार वस्तू उलट्या करून बघायची, त्या दिवशी काहीच उचललं नाही. तिनं सांगितलं, की आधी डबा आक्काच्या हातात होता. थोरले दीर ऐन तरणेपणी गेले आणि भावकीनं डबा आक्काच्या समोरून उचलून नव्या नवरीच्या, म्हणजे मामीच्या पुढ्यात ठेवला.

"तिनं मला समदं शिकीवलं," मामी म्हणाली. "मोती कसा पुसायचा, लाख कशी संबाळायची. आन नथ घालायची येळ आली की उठून मागं जायाची. मला तवा काय कळत न्हवतं. देवीची नथ माझ्या नाकात म्हणून मी आपली खुशीत."

 मग म्हणाली, "तिच्या नाकातनं काढून माझ्या नाकात घातली. आता माझ्या नाकातनं काढून तात्याच्या बायकूच्या. नाकं बदलत्यात, रांडपन तितंच. मी न्हाई द्यायची."

हे ठरलं. पण ठरवणं तिच्या एकटीचं होतं आणि भोगायचं सगळ्या घरानं होतं. मुलानं आईशी बोलणं टाकलं. त्याचं उठणं-बसणं तात्यांच्या लोकांत, त्याला रोज कुणीतरी टोचायचं. सुनेची मुलगी तेव्हा लहान होती. उद्या ह्या पोरीला कुणी दारात उभं करणार नाही, ह्या धास्तीनं सुनेला झोप लागेना. एकदा तिनं धीर करून सासूला विचारलंच, की तुमच्या हट्टापायी आम्ही गावात राहायचं का नाही.

"ऱ्हावा की," मामी म्हणाली. "मी तरी कुटं जातीया?"

चैत्र आला. यात्रेच्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. आता मामी माजघराचं दार लावून बसणार आणि मग काय होणार, ह्या विचारानं माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. तर मामी परात घेऊन बाहेर आली. ओट्यावर, रस्त्याच्या तोंडाला, तिनं पोतं अंथरलं. रिठ्याचं पातेलं आणलं, धोतर आणलं, मलमल आणली. शेवटी तांदूळ झटकत डबा आणला आणि सगळ्या गावाच्या देखत उघडला.

त्या ओट्यावरून देवळाकडे जाणारा रस्ता जातो. यात्रेला आलेली माणसं थबकायला लागली. पोरं कठड्यावर चढली. बायका समोरच्या चिंचेखाली गोळा झाल्या. मामी कुणाकडे न बघता पुतळ्यांची माळ मागून घासत होती. मधूनच कुणाला तरी हाणायची, "सावली कशाला पाडतोय? हिकडं सरक." मुलगा खाली रस्त्यावर दुसरीकडे तोंड करून उभा होता. सून दाराच्या चौकटीला धरून.

तात्या आले. ते चिडलेले नव्हते, कानकोंडे झाले होते. "वैनी, आत बसून तरी करा," ते म्हणाले.

"आत बसून करीन तर तुमी म्हनशीला चोरून केलं. भाईर बसलेय. ज्येला डबा पायजे त्येनं वर यावं आन माझ्या हातातनं घ्यावा."

कुणी वर गेलं नाही. तसं बघितलं तर तीन पायऱ्या होत्या.

ठुशी झाली, कमरपट्टा झाला. नथ राहिली. मामीनं ती मलमलीत घेतली, मोती टिपले, पुसले, तार बोटांवर फिरवली. मग ओट्यावरूनच तिनं घराच्या मागच्या बाजूला हाक दिली. "आक्का, या की भाईर." घरातून आरपार दिसणारं मागचं दार थोडं उघडं होतं, आत लुगड्याचा काठ दिसत होता. तो हलला नाही. मामीनं जरा वेळ वाट बघितली आणि माझ्याकडे वळली.

"पोरी, आरसा आण."

मी खोलीत पळाले आणि भिंतीवरचा आमचा आरसा खिळ्यावरून ओढून काढला. परक्या गावची भाडेकरू मी, मला कुणी काही विचारलं असतं तर बोलता आलं नसतं. पण तिनं मला सांगितलं होतं आणि मला ते करायचं होतं. मी तिच्यासमोर बसून आरसा धरला. तिनं डाव्या हातानं आरशाची चौकट पकडून तो उजेडाकडे वळवला. कपाळ मोकळं, गळा मोकळा. उजव्या हातानं तिनं देवीची नथ नाकात घातली.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. ती फार सुंदर दिसली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विधवेला सुंदर दिसलीस म्हणावं की नाही ते मलाही ठाऊक नव्हतं. आज सांगते. चिंचेखालच्या बायकांतून कुणीतरी हुंदका दिला. पुरुष जमिनीकडे बघत होते. मामी घाई करत नव्हती. तिनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, तारेचं टोक बोटानं चाचपलं. मग नथ काढली, पुन्हा पुसली, फडक्यात ठेवली आणि डबा लावला.

"तार सरळ हाय," ती तात्यांना म्हणाली. "न्या."

डबा ओट्याच्या कडेला होता. पालखी रस्त्याच्या वळणावर आलेली ढोलावरून कळत होती. पालखी ह्या दारात थांबणार नाही असं समितीनं ठरवलेलं होतं खरं, पण देवीचं सगळं सोनंनाणं ह्या दारात होतं आणि ते न घेता देवीला पुढं नेणार कसं, हे ठरवायचं राहून गेलं होतं. भोई तात्यांकडे बघत दारात आले आणि त्यांचे पाय आपोआप थांबले. तात्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. तेव्हा मुलगा तीन पायऱ्या चढून वर आला. आईकडे त्यानं बघितलं नाही. खांद्यावरच्या टॉवेलची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि तिच्यासमोर खाली वाकला. मामीनं डबा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

गाव एका दिवसात सुधारलं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पुढच्या संक्रांतीला सुनेच्या हळदीकुंकवाला निम्म्या बायका आल्या नाहीत. त्याआधी आषाढात ताम्हिणीकडून पाऊस आला तो हटेना, ओढ्याचा पूल पाण्याखाली गेला, तेव्हा एकजण तोंडावर म्हणाली, की देवी कोपली. "मुळशीत पाऊस माझ्या नाकानं पडतोय व्हय?" मामी म्हणाली. "मग धरणवाल्यास्नी सांगा, मला पगार लावा." तिच्या ह्या उत्तरावर तात्याही हसले म्हणतात. पुढच्या वर्षीही ती ओट्यावरच बसली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी नथ हातात घेतली की आक्काला हाक मारायची, आणि आक्का दाराआडून हलायची नाही. एका वर्षी उंबऱ्यापर्यंत आली. मामी दिवसभर खुशीत होती, जणू तिच्या माहेरचं कुणी भेटलं होतं.

आम्ही पुढं बावधनला फ्लॅट घेतला. दोन हजार नऊच्या थंडीत मामी गेल्याचा सुनेचा फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा तिच्या हातात पाटल्या होत्या. तिच्याच शब्दाप्रमाणे त्या शेवटपर्यंत राहिल्या, मग सुनेनं त्या उतरवल्या. मी त्या दिवशी फार रडले. माझी आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते, आणि ह्याचं मला आजही नवल वाटतं.

यात्रेला आम्ही गेलो. तात्यांनी सुनेला आधीच सांगून पाहिलं होतं, की वर्षाच्या आत तुमच्याकडे सण नाही, तेव्हा डबा यंदा बँकेत ठेवू आणि तिथून परस्पर देवळात नेऊ. सून त्यांना म्हणाली, "सण न्हाई तात्या, काम हाय. सणाला आमी बसणार न्हाई, कामाला बसू."

ती ओट्यावर बसली होती. तीच परात, तेच रिठे. तिचा हात सासूपेक्षा हलका होता आणि काम जास्त नीटनेटकं. फक्त शिव्या नव्हत्या. कुणी सावली पाडली तरी ती गप्प राहून जरा बाजूला सरकत होती, आणि ते बघून मला मामीची अशी आठवण झाली की मी तोंड फिरवलं.

नथ पुसून झाली. सवाष्ण बाई, तिनं ती नाकात घातली असती तर कुणाचीच ना नव्हती, तात्यांचीही. ती नथ मुठीत घेऊन उठली आणि घराच्या मागं गेली. बराच वेळ आली नाही. पालखी दारात येऊन उभी राहिली, ढोल थांबले. मग ती आली ती आक्काला मनगटाला धरून घेऊन आली. आक्का उन्हात डोळे बारीक करत होती. सुनेनं तिला पोत्यावर बसवलं. आरसा धरायला मी पुढं झाले, पण तात्यांची बायको माझ्याआधी वर चढली होती. आरसा तिनंच धरला.

आक्कानं नथ घेतली, नाकाशी नेली, आणि तिचा हात तिथंच थांबला.

"माझं भोक कवाच बुजलंय गं," ती म्हणाली.

"मग हातानं धरा," सून म्हणाली.

आक्कानं दोन बोटांनी ती नथ नाकपुडीला दाबून धरली. पांढरे केस, ओढलेला पदर, आणि त्याखाली ते मोती. ती आरशात बघत राहिली. भोयांनी खांदे बदलले. तात्या खालून हळूच म्हणाले, "वैनी, ऊन चढतंय."

आक्कानं आरशावरची नजर काढली नाही.

"दमा जरा," ती म्हणाली.

पालखी दारात थांबून राहिली.